हीटर अडकला तर मासे वाचतील का?

डिसेंबर लागला की पुण्या-नाशकाकडच्या मत्स्यालयांच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. "दादा, हीटर लावला आणि रात्री मासे शिजले तर?" दुकानदार म्हणतो, "काही होत नाही, ऑटोमॅटिक आहे. शंभर वॅटचाच घ्या, मोठा असलेला बरा."

विचारणाऱ्याची भीती खरी आहे आणि मिळालेलं उत्तर दोन्ही अंगांनी कच्चं आहे. 'ऑटोमॅटिक' हीटर अडकतात. अडकले की मोठा हीटर मासे मारतो आणि लहान बहुतेक वेळा मारत नाही. कधीही न बिघडणारा हीटर बाजारात शोधत बसण्यात अर्थ नाही. तो बिघडला तरी मासे जगतील अशी मांडणी आधीच करून ठेवता येते. त्यासाठी थोडी माहिती आणि पाचवीतलं गणित पुरतं.

१. मुळात हीटर हवाच का?

माशाचं शरीर स्वतःची ऊब राखत नाही. पाणी २५ अंशांचं तर मासा २५ अंशांचा, पाणी १८ वर गेलं की मासाही १८ चा. गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, हालचाल कमी होते आणि रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. थंडीच्या लाटेनंतर आठवड्याभरात टँकमध्ये 'व्हाइट स्पॉट' दिसतात, म्हणजे अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

पण सगळ्या माशांना हीटर लागत नाही. गोल्डफिशला मुळीच लागत नाही. तो थंड पाण्यातला मासा आहे आणि १८ ते २२ अंशांत खूश असतो. गोल्डफिशच्या टँकला हीटर विकणारा दुकानदार भेटला तर दुकान बदलावं. गप्पीही कणखर. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका ज्या हौदांत आणि डबक्यांत गप्पी सोडतात तिथे कोण हीटर लावतो? एंजल आणि निऑन टेट्रा हे मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. एंजलला २४ ते २८ अंश मानवतात, निऑनला २२ ते २६. डिस्कसला तर २८ च्या खाली करमत नाही. फायटर थायलंडकडचा, त्याला २५ ते २८ हवेत.

दुसरा मुद्दा गावाचा. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत जानेवारीतही घराच्या आत पारा सहसा २२-२३ च्या खाली उतरत नाही, त्यामुळे तिथल्या बऱ्याच टँकना हीटरवाचून चालतं. पुण्यात बाहेर १०-१२ अंश असताना बंद घरात १७-१८ असतात. नाशिक आणि निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात याहूनही कमी. म्हणून हीटर घ्यायच्या आधी साधा थर्मामीटर घ्यावा आणि चार-पाच दिवस पहाटे खोलीचं आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवावं. पुढचं सगळं गणित त्या आकड्यांवर उभं आहे.

२. काचेच्या नळीत काय असतं?

विजेचे हीटर येण्यापूर्वी युरोपातले हौशी लोक टँकचा तळ पाटीच्या दगडाचा किंवा धातूचा करून खाली गॅसची नाहीतर स्पिरिटची ज्योत ठेवत. ती ज्योत रात्री मोठी झाली की विझली हे सकाळीच कळायचं. आजची काचेची नळी त्यापेक्षा बरीच शहाणी आहे, पण तिचं शहाणपण एका लहानशा पट्टीत आहे.

नळीच्या खालच्या भागात चिनीमातीच्या दांड्यावर गुंडाळलेली नायक्रोमची तार असते. तिच्यातून वीज वाहू लागली की ती तापते. वरच्या भागात थर्मोस्टॅट असतो. साध्या हीटरमधला थर्मोस्टॅट म्हणजे दोन वेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते. ठरावीक वाकली की तिच्या टोकाचा पॉइंट समोरच्या पॉइंटपासून सुटतो आणि वीज बंद होते. पाणी गार झालं की पट्टी सरळ होते, पॉइंट पुन्हा टेकतात. घरातल्या साध्या इस्त्रीत 'टिक' वाजते ती हीच करामत.

प्रत्येक 'टिक'ला पॉइंट सुटताना बारीकशी ठिणगी उडते. ती पॉइंटचा कणभर धातू वितळवते. हिवाळ्यात दिवसाकाठी अशा किती ठिणग्या उडतात याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. वर्षा-दोन वर्षांनी पॉइंट खडबडीत होतात आणि एखाद्या रात्री ते एकमेकांना चिकटून बसतात. पट्टी वाकायला बघते, पण पॉइंट सुटत नाहीत. हीटर चालूच राहतो.

३. बिघडण्याच्या तऱ्हा

चालू स्थितीत अडकणं ही सगळ्यांत घातक तऱ्हा, कारण ती दोन बाजूंनी मारते. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला जेमतेम ७. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते, ढोबळमानाने दर दहा अंशांमागे दुप्पट. म्हणजे मासा शिजण्याच्या कितीतरी आधी गुदमरतो. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणारे मासे दिसले की आधी थर्मामीटर बघावा.

बंद पडणं ही तऱ्हा तुलनेने सौम्य. तार तुटते किंवा पॉइंट जळून टेकेनासे होतात. पाणी हळूहळू खोलीच्या तापमानाला येतं, आपल्याला लक्षात यायला वेळ मिळतो. एक सावधगिरी: हीटरवरचा छोटा दिवा विझलेला दिसला म्हणून हीटर मेला असं नव्हे. बहुतेक हीटरमध्ये तो दिवा फक्त पाणी तापत असतानाच लागतो. उलट दिवसरात्र न विझणारा दिवा दिसला तर संशय घ्यावा.

तिसरी तऱ्हा चोरपावलांची आहे. पट्टी म्हातारी होते आणि तिचं माप ढळतं. डायल २६ वर, पाणी २९ वर. डायलवरचे आकडे नव्या हीटरचेही एखाद-दोन अंशांनी चुकलेले असू शकतात. खरं मानायचं ते थर्मामीटरला. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी खोलीच्या हवेचाही परिणाम दाखवते, म्हणून पाण्यात बुडणारा थर्मामीटर बरा, आणि तोही हीटरपासून लांबच्या टोकाला.

चौथी तऱ्हा आपल्या हातून घडते. पाणी बदलताना पातळी खाली जाते, चालू हीटर उघडा पडतो, हवेत नळी प्रचंड तापते आणि वरून गार पाणी ओतलं की काच तडकते. मग पाणी थेट विजेच्या तारेपर्यंत पोचतं. नळीवर पाण्याची किमान पातळी दाखवणारी रेघ असते ती याचसाठी. पाणी बदलायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी प्लग काढून ठेवायचा, हा एकच नियम पाळला तरी काच फुटण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.

कंपन्याही चुकतात. २०११ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाला सुमारे १२ लाख मत्स्यालय हीटर परत मागवावे लागले. ते जास्त तापून फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता. तेव्हा भारी नावावर विसंबून झोपी जाऊ नये.

४. नळ आणि गळकी बादली

आता मुख्य गोष्ट. तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली आहे असं समजा. नळ चालू असतो, भोकातून पाणी गळत असतं. पातळी जसजशी चढते तसतसा भोकातून जाणाऱ्या पाण्याचा जोर वाढतो, आणि एका पातळीला येणारं पाणी आणि गळणारं पाणी सारखं होतं. नळ कितीही वेळ चालू ठेवा, बादली त्यापलीकडे भरत नाही.

टँक ही अशीच बादली. नळ म्हणजे हीटर, पातळी म्हणजे पाण्याचं तापमान, आणि भोक म्हणजे काचेतून आणि पृष्ठभागावरून खोलीत निसटणारी ऊब. पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकी ऊब जास्त वेगाने निसटते. म्हणून अडकलेला हीटरसुद्धा पाणी अमर्याद तापवू शकत नाही. तो कुठे थांबेल हे आधीच काढता येतं.

आपल्याकडचा नेहमीचा दोन फुटी टँक घेऊ: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडून त्यात साधारण ४८ लिटर पाणी राहतं. त्याच्या सगळ्या बाजू धरून पृष्ठफळ ०.९ चौरस मीटर. झाकण असलेल्या अशा काचेच्या टँकमधून, पाणी खोलीपेक्षा एक अंश गरम असेल तर अंदाजे ५ वॅट ऊब निसटते. दोन अंश असेल तर १०, आठ अंश असेल तर ४०.

पुण्यातल्या घरात पहाटे १८ अंश आहेत आणि आपल्याला २५ हवेत. फरक ७ अंशांचा. लागणारी ऊब ७ गुणिले ५, म्हणजे ३५ वॅट. ५० वॅटचा हीटर पुरून उरतो.

आता तो अडकला असं धरू. ५० वॅट भागिले ५ म्हणजे १० अंश. पाणी खोलीच्या वर १० अंश जाऊन थांबेल, म्हणजे २८ ला. मासे कुरकुरतील, मरणार नाहीत. दुकानदाराचा 'मोठा बरा' असा १०० वॅटचा हीटर अडकला तर १०० भागिले ५ म्हणजे २० अंश, पाणी ३८ ला. एंजल, निऑन, मॉली, कुणीच वाचणार नाही.

किती वेळात? ४८ लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ५६ वॅट-तास ऊर्जा लागते. १०० वॅटचा हीटर रात्री दहाला अडकला, तर त्यातले ३५ वॅट निसटत्या उबेची भरपाई करण्यात जातात आणि उरलेले ६५ पाणी तापवतात. पहिल्या तासात एक अंशाहून थोडं जास्त. वर चढताना वेग कमी होत जातो, तरी सकाळी सहाला पाणी ३१-३२ वर असेल. म्हणजे सकाळी उठल्यावर बघणाऱ्याच्या हातात अजून वेळ आहे. शनिवार-रविवार गावाला गेलेल्याच्या हातात नाही.

'लिटरला एक वॅट' हा नियम सगळीकडे ऐकू येतो, पण तो टँकचा आकार बघत नाही. चार फुटी, सव्वादोनशे लिटरचा टँक घेतला तर त्याचं पृष्ठफळ अडीच चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे अंशामागे १४ वॅट. सात अंशांसाठी ९८ वॅट पुरतात, लिटरला अर्ध्या वॅटहूनही कमी. तिथे नियमाप्रमाणे सव्वादोनशे वॅट लावणं म्हणजे संकट विकत घेणं. उलट बाजूला फायटरचा पाच लिटरचा बोल घ्या. त्यात बाजारात मिळणारा २५ वॅटचा हीटर अडकला तर पाणी तासाला तीन अंशांहून जास्त वेगाने चढतं आणि ४० च्या पार जातं. माझ्या मते बोलमध्ये हीटर टाकूच नये. फायटरला दहा-पंधरा लिटरची तरी पेटी द्यावी. ते नसेल जमत तर बोल घरातल्या उबदार खोलीत, खिडकीपासून लांब ठेवावा.

हे सगळे आकडे अंदाजी आहेत. फिल्टरची मोटर आणि दिवाही चार-पाच वॅट ऊब देतात, झाकण नसलं तर बाष्पीभवनाने बरीच ऊब जाते. आपल्या टँकचा खरा आकडा काढायचा तर संध्याकाळी हीटर बंद करून पाणी तासाला किती उतरतं ते बघावं. वरच्या टँकमध्ये सात अंशांचा फरक असताना पहिल्या तासात पाणी साधारण ०.६ अंश उतरेल. आपल्याकडे त्याच्या दुप्पट उतरलं तर भोक दुप्पट मोठं आहे. आधी झाकण करावं आणि मागच्या काचेला थर्माकोल लावावं, मग हीटरचा विचार करावा.

याच हिशेबाने वीज गेल्याची धास्तीही उतरते. चार तास वीज नसली तर हा टँक दोन अंश आणि थोडा उतरतो. टँकवर चादर टाकली की तेवढाही नाही. त्या वेळी खरी काळजी बंद पडलेल्या फिल्टरची आणि प्राणवायूची करावी. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्यावा.

५. एकाच्या जागी दोन

५० वॅटच्या एका हीटरऐवजी २५ चे दोन लावले तर? दोन्हींचे डायल २५ अंशांवर. गरज ३५ वॅटची आहे. एक अडकून सतत २५ वॅट देऊ लागला, तर दुसरा फक्त उरलेले १० वॅट देतो आणि पाणी २५ लाच राहतं. एक मेला तर दुसरा एकटा पाणी खोलीच्या वर पाच अंश, म्हणजे २३ ला धरून ठेवतो. दोन्ही बाजूंनी मासे सुरक्षित.

याची एक गैरसोय आहे: बिघाड कळतच नाही. महिन्यातून एकदा एकेकाचा प्लग आळीपाळीने काढून दुसरा चालू-बंद होतो की नाही ते बघावं लागतं.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरचा डिजिटल कंट्रोलर. त्याची तापमान मोजणारी तार पाण्यात असते आणि हीटरचा प्लग कंट्रोलरमध्ये जातो. हौशी लोक इथे एक चूक करतात. कंट्रोलर आला म्हणून हीटरचा डायल पूर्ण वर फिरवून ठेवतात. कंट्रोलरच्या आतला रिले हाही एक पॉइंटच आहे, तोही चिकटू शकतो. शिवाय पाण्यातली तार कधी निसटून बाहेर लोंबू लागली तर तिला खोलीची गार हवा लागते आणि कंट्रोलर बिचारा पाणी गार आहे असं समजून हीटर चालूच ठेवतो. म्हणून कंट्रोलर २५ वर आणि हीटरचा स्वतःचा डायल २७ वर ठेवावा. मग पाणी बेसुमार तापायला दोन्ही एकाच वेळी अडकावे लागतील.

हीटर ठेवायची जागाही महत्त्वाची. कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात तो स्वतःभोवतीचंच पाणी तापवून समाधानाने बंद होतो आणि टँकचं दुसरं टोक गारच राहतं. फिल्टरच्या पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून जायला हवा. वाळूत पुरू नये. त्याला काचेला धरून ठेवणारे रबराचे कप कडक होऊन सुटतात, ते वेळेवर बदलावेत.

६. २३० व्होल्ट आणि ओला हात

काचेचा टँक लाकडी स्टँडवर असतो, म्हणजे जमिनीपासून तुटलेला. तडकलेल्या हीटरमधून वीज पाण्यात उतरली तरी तिला पुढे जायला वाट नसते, म्हणून मासे आरामात पोहत राहतात. वाट मिळते ती आपण पाण्यात हात घातल्यावर, आपल्या अंगातून. मासे ठीक दिसतात यावरून पाण्यात करंट नाही असं कधीही धरू नये.

घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते वायरमनकडून बघून घ्यावं. तो माणसातून वीज वाहू लागताच क्षणात पुरवठा तोडतो. जीव वाचतो, झटका मात्र बसतोच. म्हणून टँकमध्ये हात घालण्याआधी हीटर बंद करायचा, आणि बंद करणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. बऱ्याच जुन्या घरांत वायरिंग करताना फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेले असतात. तिथे बटण बंद असूनही हीटरमध्ये फेज असतो. प्लगच उपटावा.

वायर टँकवरून सरळ बोर्डाकडे नेऊ नये. बोर्डाच्या खाली तिला झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खालच्या कपाटात जमिनीवर पडलेला असतो, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी आणि सगळ्यांत वाईट सवय. तो भिंतीवर, टँकच्या वरच्या उंचीला अडकवावा.

७. सकाळी पाणी ३३ वर दिसलं तर

प्लग काढा. लगेच हवा वाढवा: एअर पंप पूर्ण जोरात, झाकण उघडं, पंखा पृष्ठभागावर. आधी प्राणवायू, मग तापमान. नंतर पाव टँक पाणी काढून त्याऐवजी अँटिक्लोरीन घातलेलं साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी हळूहळू घाला. १८ अंशांच्या पाण्याने पाव टँक बदलला तर ३३ चे २९ होतात. हे अर्ध्या-पाऊण तासात पसरून करावं. तिथून पुढे तासाला एखाद अंश उतरू द्यावा. बर्फ थेट टाकू नये. तो नळाच्या पाण्याचा असतो आणि एका जागी धक्का देतो. फारच गरज पडली तर बंद बाटलीत भरून तरंगत सोडावा. त्या दिवशी खायला घालू नये.

पाणी १७ वर गेलेलं सापडलं तर घाई करू नये. गरम पाण्याच्या बंद बाटल्या तरंगत सोडून तासाला एक अंशाच्या बेताने वर आणावं. पुढचे आठ-दहा दिवस अंगावर ठिपके येतात का ते बघत राहावं.

८. होळीनंतर

बादलीच्या हिशेबातला एक धोका उन्हाळ्यात उघडा पडतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच ३४-३५ अंशांवर असते. हिवाळ्यात निरुपद्रवी असलेला ५० वॅटचा हीटर तेव्हा अडकला तर पाणी ३५ च्या वर आणखी चढणार. पाणी आधीच गरम असल्याने तो एरवी बंदच असतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. त्यामुळे होळी झाली की हीटर बाहेर काढावा, पुसून, सुकवून ठेवून द्यावा.

दिवाळीनंतर तो पुन्हा लावताना थेट टँकमध्ये टाकू नये. बादलीभर पाण्यात उभा करून, थर्मामीटर सोडून चालू करावा. डायल खोलीच्या तापमानाच्या वर तीन-चार अंशांवर ठेवावा, पाणी अधूनमधून लाकडी काठीने ढवळावं, आणि तो ठरल्या अंशाला बंद होतो का, पुन्हा सुरू होतो का, हे अर्धा दिवस बघावं. नवा हीटरही याच चाचणीतून काढावा. नळीच्या आत वाफेचे थेंब दिसले, किंवा डायल आणि थर्मामीटर यांत तीन अंशांहून जास्त फरक पडला, तर तो हीटर कितीही महागाचा असला तरी वायर कापून भंगारात द्यावा. वायर अशासाठी कापायची की कुणी तो उचलून पुन्हा वापरू नये.